शेवटचा पाव वेढा

ब्लाँश पडिस्टर बाईंच्या ओट्यामागे
काचेच्या टाइल्स आहेत, एकशे बारा,
उथळ खाडीच्या पाण्यासारख्या हिरव्या.
मोजल्या त्यांनी. मी नाही.
"जास्तीची एकही नाही हो," दारातच सांगितलं,
"कारखाना बुडाला, आणि लावणारा गेला अल्बर्टाला."

बाहेर सेंट जॉन्सचं धुकं खिडकीला नाक लावून,
बंदरावरचा भोंगा मिनिटागणिक
घसा साफ करतोय.

काम एवढंसं: एक ब्रॅकेट, दोन स्क्रू,
त्यावर लांब हाताचा दिवा,
दिव्याला बशीएवढं भिंग.
मासे फसावेत म्हणून बाई माश्या बांधतात.
गळावर कोंबड्याचं पीस, मूसचे चार केस,
वर लाल रेशमाचे सात वेढे.
हल्ली सातातले चारच दिसतात.
उरलेले तीन बोटं सांभाळतात.

"टेबलावर का नाही बांधत?"
"उजेड इथे येतो. आणि चहाही."

पेन्सिलीची खूण काचेवर बसेना.
मग कागदी टेपची फुली चिकटवली,
टाइलच्या कडेपासून दोन बोटं आत.
सांध्यात भोक पाडणं सोपं होतं,
पण सांधा जिथे होता
तिथे बाईंना दिवा नको होता.

ड्रिलचा ठोका बंद. हे आधी बघायचं.
(माझ्या काकाने एकदा तो चालू ठेवला
आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवशी
एका घराला स्वखर्चाने नवी भिंत दिली.)
टोकाला हिरकणी. वेग गोगलगायीचा.
माझा भाचा कॉनल, वय सतरा,
ओल्या स्पंजातून थेंब थेंब पाणी सोडतोय
आणि दुसऱ्या हाताने जांभई झाकतोय.

काच आधी नाहीच म्हणते.
टोक निसटतं, बर्फावर नवखा निसटावा तसं.
तिरकं धरायचं, चंद्रकोर कोरायची,
कोरीने टोक धरलं की मग हळूच सरळ.
पांढरी लापशी ओघळते,
दात घासून थुंकल्यासारखी.
मग आवाज बदलतो,
किर्र जातं, भुस्स येतं:
काच संपली, मागचा बोर्ड लागला.

पहिलं भोक गोल, नेटकं.
दुसरंही.
मी शीळ घातली. इथेच चुकलं.

स्क्रू आवळताना शेवटचा पाव वेढा
कोणी मागितला नव्हता.
हातालाच सवय, घट्ट म्हणजे चांगलं.

टिक्.

मी ऐकलं नाही, भोंगा वाजत होता.
कॉनलने नाही, त्याच्या कानात गाणी होती.
पाठमोऱ्या बसलेल्या बाई म्हणाल्या,
"गेला ना तडा?"

ब्रॅकेटखालून केसाएवढी रेघ
उजवीकडे उतरत सांध्यापर्यंत गेलेली
आणि तिथे थबकलेली,
शेजारणीच्या उंबऱ्यावर थबकावं तशी.

मी पाव वेढा उलटा फिरवला.
रबराची चकती घातली.
वरातीमागून घोडं. चकती सकाळपासून
माझ्याच खिशात होती.
"पैसे नकोत," म्हटलं.
"अर्धे घ्या. अर्धं काम चांगलं झालंय."

मग त्या उठल्या
आणि करंगळी टेकवली सांध्यावर.
मी आधीच चाचपलं होतं,
माझ्या जाड बोटांना काच सलगच लागते.
करंगळी थांबली. रेघेवर चढली.
रेघेवरून चालत वर ब्रॅकेटपर्यंत,
तिथून बटणापर्यंत.
टक्. उजेड.

विझवला. डोळे मिटले. पुन्हा:
सांधा, रेघ, ब्रॅकेट, बटण.
टक्.

"राहू दे," म्हणाल्या, तड्याला की मला
ते कळलं नाही.

पावतीवर मी खरं ते लिहिलं:
भोकं दोन, तडा एक, मजुरी अर्धी.
नव्या भिंगाखाली पहिलं वाचलं गेलं ते हेच.
बाईंनी कागद जवळ ओढला, पेन मागितलं,
आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका
दुरुस्त करून परत दिला.